रिंगणातला घाव

जूनमधली, तिथल्या ऐन हिवाळ्यातली, तिसरी कडक रात्र सरली आणि माळावर पसरलेले बटाटे दगडासारखे झाले. सूर्य डोंगराच्या खांद्यावर येऊन थोडा वेळ झाला, बटाट्यांना घाम फुटला, तशी बासिलियाने टायरच्या चपला काढल्या, लोकरीचा घागरा गुडघ्यांपर्यंत खोचला आणि ढिगावर पाय ठेवला. थंडी तळव्यातून शिरली ती थेट दाढांत गेली.

तुडवायचं म्हणजे नुसतं नाचायचं नाही. आधी टाच, मग चवडा, मग बोटांनी पीळ. साल सुटली पाहिजे, आतलं पाणी फुरफुरून बाहेर आलं पाहिजे, पण बटाटा फुटता कामा नये. असा तुडवून वाळवलेला चुन्यो दहा वर्षं टिकतो. पाणी राहिलं तर दहा दिवसांत काळा पडून घाण मारतो. हे सगळं चार-पाच दिवसांत उरकायचं. एकदा आभाळ भरून आलं, रात्रीचं गोठणं थांबलं, की वर्षाचं खाणं माळावरच सडतं. म्हणून या दिवसांत कोणी आजारी पडत नाही. पडलं तरी सांगत नाही.

पलीकडच्या ढिगावर तिचा नवरा सिक्स्तो तुडवत होता. सासू मेल्चोरा गवतावर बसून सुटलेल्या साली निवडत होती. तिने मान वर केली.

"आरं ए, डाव्या अंगाचे बटाटे काय तुझा बाप थडग्यातनं उठून तुडवणार हाय?"

सिक्स्तोने मान पुरी वळवून डावीकडे पाहिलं. "ऱ्हायले व्हय? दिसले न्हाईत."

"दिसले न्हाईत म्हणं. लामाच्या लेंड्या हायेत का त्या, न दिसायला?"

"तुझं तोंड दिसतंया आई, तेवढं बास हाय मला."

तो हसला, आणि हसता हसता थांबला. मनगट नाकाखाली नेलं.

त्या उंचीवर, त्या कोरड्या हवेत, नाकातून रक्त येणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. सगळ्यांच्याच येई. कोकाचं पान चुरगळून नाकपुडीत कोंबलं की झालं. पण हे ठिबकत नव्हतं. हे उसळत होतं. नाडीच्या ठोक्यागणिक एक उसळी. आधी डाव्या नाकपुडीतून, मग दोन्हींतून, मग तोंडातून. सिक्स्तो वाकला. त्याच्या पायाखालचे फिकट बटाटे बघता बघता लाल झाले.

बासिलिया धावली. खांद्यावरच्या शालीचं टोक गोळा करून तिने त्याच्या नाकावर दाबलं.

"धरू नगंस!" मेल्चोरा उठलीच. या वयाच्या बाईला एवढ्या चटकन उठता येत असेल असं वाटलं नसतं. तिने बासिलियाचं मनगट पकडलं. "खाली पडू दे. मातीत पडू दे."

"आत्याबाई, मरंल त्यो!"

"तिंकूत औंदा कोण मेलं? सांग की. कुनी न्हाई. दोन दात आन एक कान. एवढ्यावर धरतीचं पोट भरतं व्हय? ऱ्हायल्यालं ती मागून घेतीया. देऊ दे त्याला." मग जरा थांबून तिने नेहमीचं ते म्हटलंच, "वरच्यांची पोर तू. आमच्या जिमिनीचं तुला काय कळनार?"

तिंकूच्या, म्हणजे दरवर्षीच्या मुठींच्या लढाईच्या, जागेपासून डोंगराकडचे ते वरचे आणि नदीकडचे ते खालचे. बासिलिया वरच्यांत जन्मली आणि खालच्यांत नांदायला आली त्याला पाच वर्षं झाली होती. अजून मूल नव्हतं. त्यामुळे ती अजून वरच्यांचीच होती.

रक्त आपोआप थांबलं, जसं आलं होतं तसंच एकाएकी. सिक्स्तो थुंकला. "झालं," म्हणाला. "पाजलं धरती म्हातारीला." आणि हसायला गेला, पण पाय दुमडून खाली बसला. तोंडाला राखेचा रंग आला होता. डावी पापणी अर्धी उतरली होती. बासिलियाने त्या पापणीकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

तिला ठाऊक होतं. एकटीलाच ठाऊक होतं.

मे महिन्यात क्रूसाच्या सणाला तिंकू झाला. वरचे एका बाजूला, खालचे दुसऱ्या बाजूला, मध्ये रिंगण. डोक्यावर चामडी टोप, मुठीला लोकरीचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात मूठ सोडून काही नाही. बायका भोवती उभ्या राहून गाणी म्हणत आपल्या माणसांना चेव आणतात आणि समोरच्यांची अब्रू काढतात. सिक्स्तोच्या समोर आला तो बासिलियाचाच थोरला भाऊ, प्लासिदो. सिक्स्तोने त्याला दोनदा लोळवला. दुसऱ्यांदा प्लासिदो शेणात पडला, वरच्यांच्या बायकासुद्धा हसल्या. रीतीप्रमाणे दोघांनी मिठी मारली. सिक्स्तोने टोप काढून हवेत फिरवला आणि पाठ वळवली. तेवढ्यात पोलिसांनी अश्रुधूर सोडला. पळापळ झाली, आणि त्या धुरात प्लासिदो डावीकडून आला. त्याच्या पट्ट्यात काहीतरी करडं होतं. ओल्या मडक्यावर काठी बसावी तसा आवाज झाला.

सिक्स्तो दिवस बुडेपर्यंत मेल्यासारखा पडून होता. चिचाची दारू जास्त झाली, धूर लागला, असं लोक म्हणाले. उठल्यावर त्याने बायकोला विचारलं, "कुनी पाडला गं मला?" ती म्हणाली, "गर्दी हुती. दिसलं न्हाई."

रिंगणातला घाव रिंगणातच राहतो. त्याची तक्रार नाही, बदला नाही. पण दगड ही वेगळी गोष्ट. मुठीत दगड घेणाऱ्याला पुन्हा रिंगणात घेत नाहीत. त्याच्या घराशी सोयरीक करत नाहीत. त्याच्या पोरांना पोरं चिडवतात. आणि घर म्हणजे तिच्या आईचंही घर.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लासिदो स्वतःच आला. पायवाटेने खाली उतरताना त्याने टोपी हातात घेतली होती.

"तुमच्यात मानसं कमी हायेत आसं कळलं," तो मेल्चोराला म्हणाला. "एक दिस तुडवतो. आमच्या पेरणीला सिक्स्तो एक दिस दील."

"दील की," मेल्चोरा म्हणाली. "पाय तरी धुतल्यात का? का वरच्यांत तसंच चालतं?"

सिक्स्तोने त्याला शेजारचा ढीग दाखवला. "ये मेव्हण्या. शेणात पडायचं न्हाई मातर."

प्लासिदो हसला नाही. दोघे शेजारी शेजारी तुडवू लागले. प्लासिदो सिक्स्तोच्या उजव्या बाजूला उभा होता आणि पुन्हा पुन्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. बासिलियाला ते बघणं सहन होईना. ती साली भरायच्या निमित्ताने लांब गेली.

सिक्स्तो मध्येच म्हणाला, "डोकं घुमतंया रं. डाव्या कानात कुनीतरी भाता मारतंया. फुस, फुस, फुस. आयकू येतं का तुला?"

"मला कसं आयकू येईल?" प्लासिदो म्हणाला.

"तेबी खरंच."

मग पुन्हा उसळलं. कालच्यापेक्षा जोरात. सिक्स्तो गुडघ्यावर आला, मग हातांवर. तोंडातून गुठळ्या पडल्या. या वेळी ते थांबेना. मेल्चोरा आधी काही म्हणाली, मग तिचं म्हणणं बारीक होत गेलं आणि शेवटी ती नुसती ओठ हलवत उभी राहिली. प्लासिदोने सिक्स्तोला पाठीवर घेतलं. सिक्स्तोचं रक्त त्याच्या मानेवरून छातीवर ओघळत होतं. तसाच तो माळ उतरून रस्त्याकडे धावत सुटला. बासिलिया मागून अनवाणी.

तालुक्याच्या दवाखान्यात एक कोवळा डॉक्टर होता. त्याने नाकात हातभर पट्टी कोंबली. सिक्स्तो गुरासारखा ओरडला. रक्त आटोक्यात आलं, पण पट्टी ओली होतच राहिली.

"डोक्याला मार लागला होता का?" डॉक्टरने विचारलं.

"न्हाई," सिक्स्तो म्हणाला.

"मे महिन्यात तुमच्याकडे तिंकू असतो. तेव्हा?"

"न्हाई. म्या तर घरात हुतो."

तिंकूचं डॉक्टरला सांगायचं नसतं. डॉक्टर कागदावर लिहितो, कागद पोलिसांकडे जातो, आणि पुढच्या वर्षी धुराची आणखी एक गाडी येते. एवढं तर तिथलं लहान पोरही जाणतं. डॉक्टरने लिहिलं, उंची, कोरडी हवा, मार नाही. आणि रुग्णवाहिकेत घालून त्यांना सुक्रे शहरात पाठवलं.

सहा तासांचा रस्ता. मध्ये सिक्स्तो, एका बाजूला बासिलिया, समोर प्लासिदो. ग्लानीत गेलेल्या नवऱ्याचं डोकं तिने मांडीवर धरलं होतं.

"कुनाला काय सांगितलंस का?" प्लासिदोने हळूच विचारलं.

"काय न्हाई."

"मंग सांगू नगंस."

"आन मेला तर?"

"न्हाई मरत. खालच्यांची हाडं…" त्याला पुढे बोलवेना. त्याच्या सदऱ्यावरचं रक्त वाळून कडक झालं होतं. "धूर हुता, बासी. दगड हुता का न्हवता, तुला तरी कसं ठावं?"

"आवाज आयकला म्या."

प्लासिदोने तोंड खिडकीकडे वळवलं. "समद्यांनी हसून घेतलं हुतं," तो म्हणाला. "तूबी हसलीस. बघितलं म्या."

ती हसली होती. खोटं नव्हतं.

*

सुक्रेच्या मोठ्या इस्पितळात दारावरच्या माणसाने तिला टोपी काढायला लावली. पायाला चुन्योचं काळं पाणी वाळलं होतं. ती जाई तिथे पांढऱ्या फरशीवर पावलं उमटत, आणि झाडणारी बाई फडकं घेऊन तिच्या मागोमाग चाले. पाऊल उमटलं की पुसे. शेवटी बासिलिया एका कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली आणि दोन दिवस तिथून फारशी हलली नाही.

नेलिदा नावाची एक परिचारिका केचुआ, म्हणजे यांचीच डोंगरातली भाषा, बोलणारी होती. तिचं केचुआ शहरातलं, जरा वळण दिलेलं, पण मन बरं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने येऊन सांगितलं, "चल गं, आज बोळा काढणार आहेत. जिथून रक्त येतंय ती जागा डागतील. सगळं ठीक झालं तर उद्या घरी."

सिक्स्तो खुर्चीत बसला होता. नाक सुजून भोपळा झालं होतं, श्वास तोंडाने चालला होता. घरी जायचं म्हटल्यावर त्याचा उजवा डोळा चकाकला.

"आभाळ कसं हाय?" त्याने बासिलियाला विचारलं.

"निरभ्र हाय."

"मंग अजून दोन राती मिळतील."

नाकाच्या डॉक्टर उरियोना बाई म्हणून होत्या. उंच, केस पांढरे होत आलेले, घाईतल्या. त्यांनी कागद वाचला, कपाळावरचा दिवा लावला, आणि आधी डोळ्यांत उजेड मारला. उजव्यात, डाव्यात, पुन्हा डाव्यात. तिथे जरा थांबल्या.

"हा डोळा कधीपासून असा आहे?"

नेलिदाने विचारलं. सिक्स्तो म्हणाला, "जल्मापासनं."

"डोक्याला कधी मोठा मार? बेशुद्ध पडलात कधी?"

"न्हाई. कितींदा सांगायचं?"

डॉक्टर बाईंनी बासिलियाकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. डोळा जन्मापासून असाच आहे?"

दारात प्लासिदो उभा होता. त्याने मान हलवली नाही, डोळेही वटारले नाहीत. नुसता उभा होता, टोपी छातीशी धरून, आईच्या तिरडीशी उभं राहावं तसा. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हणायचंही नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं.

ती गप्प राहिली.

"ठीक," डॉक्टर बाई म्हणाल्या. लांब चिमटा उचलला, नाकपुडीतल्या पट्टीचं टोक पकडलं आणि हळू ओढलं. बोटभर पट्टी बाहेर आली. तपकिरी. मग आणखी बोटभर. तिचा रंग ताजा होता, भडक लाल, आणि ती किंचित हलत होती. ठोक्यागणिक. फुस, फुस, फुस.

बासिलियाने डॉक्टरांचं मनगट धरलं.

"हात लावू नगा!"

"काय करतेस तू?" नेलिदा ओरडली.

"दगड हुता." बासिलियाला आपलाच आवाज दुसऱ्या बाईचा वाटला. "सांग त्यास्नी. मुठीत दगड हुता. हितं बसला." तिने सिक्स्तोच्या डाव्या कानशिलावर बोट ठेवलं. "मे म्हैन्यात, तिंकूत. दिस बुडूस्तवर मेल्यावानी पडला हुता. चिचानं न्हाई, दगडानं. तवापासनं डोळा ग्येला. जल्मापासनं न्हाई."

नेलिदाने भराभर सांगितलं. डॉक्टर बाईंचा हात जिथे होता तिथेच थांबला. मग अगदी सावकाश, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तशी, त्यांनी ती दोन बोटं लांबीची पट्टी परत आत सरकवली आणि वरून बोटाने दाबून धरली. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"या बोळ्याला कोणीही हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "कोणीही नाही. स्ट्रेचर आणा. याला बसवू नका, बोलवू नका, खोकू देऊ नका."

मारलं कोणी, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते नकोच होतं. विचारलं ते सिक्स्तोने. कोंदलेल्या नाकातून.

"कुनी?"

बासिलियाने त्याच्याकडे पाहिलं. "प्लासिदोनं."

"तुला ठावं हुतं."

"व्हय."

"सा आठवडं."

"व्हय."

स्ट्रेचर आलं तेव्हा तो कोणाचाही हात न घेता आडवा झाला आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं. दार मोकळं होतं. प्लासिदो तिथे नव्हता.

*

संध्याकाळी एका टकल्या डॉक्टरांनी तिला काळी तसबीर दाखवली. रक्तात औषध सोडून काढलेली. मानेतून एक पांढरी नळी वर चढत होती, आणि जिथे ती मेंदूत शिरते तिथे तिला बाजूने एक फुगवटा होता, झाडाला गाठ यावी तसा.

"ही मेंदूला रक्त नेणारी धमनी," ते म्हणाले, आणि नेलिदा सांगत गेली. "दगडाने तिची भिंत आतून चिरली. त्या चिरेतून रक्त बाहेर येऊन ही पिशवी झाली. हिला स्वतःची भिंत नाही, नुसतं साकळलेलं रक्त. ती डोळ्याची शीर दाबतेय आणि नाकामागच्या पोकळीत फुटतेय. आजवर आपोआप थांबली हे नशीब. बोळा काढला असता तर टेबलावरच गेला असता."

"आता?"

"जांघेतून एक बारीक नळी घालून वर न्यायची आणि ही धमनीच बंद करायची. कायमची. प्लॅटिनमच्या तारेची गुंडाळी बसवून."

बासिलियाने तसबिरीतल्या नळीवर बोट ठेवलं. "मंग डोस्क्याच्या त्या अंगाला रगत कुठनं येनार?"

टकल्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "बरोबर विचारलंत. उजव्या बाजूच्या धमनीतून येतं. बहुतेकांना पुरतं. काहींना नाही पुरत. म्हणून आधी आतून एक छोटा फुगा फुगवून धमनी अर्धा तास बंद करून बघायची. त्याला जागं ठेवायचं. सारखं बोलायला लावायचं, उजवा हात आवळायला सांगायचं. बोलणं अडखळलं की समजायचं रक्त पुरत नाही. मग लगेच फुगा सोडायचा. उशीर झाला तर वाचा आणि उजवं अंग गेलं."

"आन रगत पुरलं न्हाई तर?"

"तर माझ्याजवळ दुसरा चांगला उपाय नाही."

नेलिदा म्हणाली, "डॉक्टर, तो सकाळपासून बोलतच नाहीये. मी विचारलं तरी नाही. पाणी हवं का, तरी नाही."

"वेदना?"

नेलिदाने बासिलियाकडे पाहिलं. "नाही. राग."

बाहेर बाकावर प्लासिदो बसला होता. कोपर दुमडलेलं, आत कापूस. इस्पितळाने रक्त द्यायला नातलग मागितले होते, तो गेला होता.

"घेतलं त्यांनी," तो म्हणाला. "पिशवी भरली. एक थेंब खाली न्हाई पडू दिला." त्याला त्याचंच नवल वाटत होतं. मग तो उठला. "म्या जातो. चुन्यो अर्धा ऱ्हायलाय, तुडवून टाकतो. म्हातारीला एकटीला न्हाई व्हायचं."

"दादा…"

"घरी येऊ नगंस आता, बासी. म्या काय बोलनार न्हाई, पर आय तुला दारात घेनार न्हाई. रिंगणातलं बाहेर काढलंस तू."

तो गेला. बासिलिया त्याच्या पाठीकडे बघत राहिली. पायांवर तिच्यासारखंच काळं पाणी वाळलेलं होतं. झाडणारी बाई फडकं घेऊन त्याच्या मागे निघाली.

*

सकाळी त्यांनी तिच्या अंगात क्ष-किरण अडवणारा शिशाचा झगा घातला. लामाच्या पाठीवर मिठाची लादी चढवावी तसा. खोली थंड होती, गुंजत होती. सिक्स्तो टेबलावर उताणा, अंगावर हिरवं कापड, नाकात तोच बोळा. डोळा छताला लागलेला. ती उजव्या बाजूला उभी राहिली आणि नेलिदाने तिची बोटं त्याच्या मुठीत दिली. मूठ मिटली नाही.

"त्याचं बोलणं तूच काढ," नेलिदा म्हणाली. "आम्हाला जमलं नाही."

काचेच्या पडद्यावर एक काळा दोरा मानेतून वर सरकत गेला. टकले डॉक्टर म्हणाले, "फुगवतो. वेळ लावा."

दोऱ्याच्या टोकाशी एक लहानसा दाणा उमटला.

"नाव विचारा त्याला."

"नाव सांग तुझं," बासिलिया म्हणाली.

सिक्स्तो गप्प.

"गाव विचारा."

गप्प. डोळा छताला.

"हात आवळायला सांगा."

"आवळ, सिक्स्तो. हात आवळ." बोटं तिच्या बोटांत पडली होती, मेलेल्या पाखरासारखी.

डॉक्टरांनी मान वर केली. "हा राग आहे की मेंदू, मला कळायला मार्ग नाही. मी थांबू शकत नाही. दहापर्यंत मोजतो, मग फुगा सोडतो." आणि ते मोजू लागले. आकडे बासिलियालाही समजत होते.

"बोल की रे," ती म्हणाली. "सिक्स्तो. हात जोडते."

चार. पाच.

हात जोडल्याने खालच्यांचा माणूस कधी बोलला आहे? बासिलियाने शिशाच्या झग्यात छाती भरून घेतली, आणि रिंगणाच्या कडेला वरच्यांच्या बायका जो आवाज काढतात तो काढला. उंच, चिरका, नाकातून.

"बघा गं बघा! खालच्यांची जीभ बटाट्यावानी गोठली! एका धोंड्यात लोळतोय, मेंढराला लोळवावा तसा! माज्या दादानं डाव्या हातानं पाडला आन हा दिस बुडूस्तवर न्हाई उठला! नवरा न्हाई गं बाई, चुन्योचं पोतं हाय!"

"गप ए भवाने!" सिक्स्तो म्हणाला.

डॉक्टर आठवर थांबले.

"दोनदा पाडला तुज्या दादाला म्या! दोनदा! शेणात तोंड घातलं त्याचं! दगड घेऊन येनारी अवलाद तुमची! पाठीमागनं येनारी! तुमच्या बटाट्याला चव न्हाई, तुमच्या चिचाला फेस न्हाई, तुमच्या बायकास्नी लाज न्हाई!"

"काय म्हणतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"भांडतोय, डॉक्टर," नेलिदा म्हणाली.

"शब्द नीट येताहेत?"

"अगदी नीट. मला सांगता यायचे नाहीत इतके नीट."

"चालू ठेवा."

चालू ठेवणं कठीण नव्हतं. सहा आठवड्यांचं साचलेलं होतं. त्याने तिच्या आईला नावं ठेवली, आजीला ठेवली, वरच्यांचा देव जुना आणि मोडका आहे म्हणाला. तो थांबला की ती टोचून देई, की तो पुन्हा सुटे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नेलिदा मिनिटं सांगत होती. डॉक्टरांचा हात नळीच्या मुठीवरून हलला नव्हता. बासिलियाच्या पाठीतून घाम खाली चालला होता. एकेक शिवी ती दाणे टिपावे तशी कान देऊन टिपत होती, नीट आली का, पुरी आली का.

"माज्या ताटात जेवलीस," तो म्हणत होता. "माज्या अंगाशी निजलीस. डोळा जात हुता, आन तू… तू… बो…"

तो अडला. ओठ हलले, शब्द येईना.

"बो…"

डॉक्टरांची बोटं मुठीवर आवळली.

"बोक्यावानी बसून बघत ऱ्हायलीस," सिक्स्तो म्हणाला. "गप. चुलीपाशी. बोक्यावानी."

डॉक्टरांनी बोटं सैल केली.

"अठरा," नेलिदा म्हणाली.

यानंतर त्याचा आवाज उतरला. शिव्या संपल्या असाव्यात, किंवा दम. तिने टोचलं तरी तो सुटेना. पण बोलत राहिला, हळू, एकेक शब्द, छताकडे बघत.

"तवाच का न्हाई सांगितलंस?"

"भाऊ हाय त्यो."

"आन मी?"

तिने शिशाचा झगा सावरला.

"आन मी?" त्याने पुन्हा विचारलं.

"काय म्हणतोय?" डॉक्टर म्हणाले. नेलिदाने या वेळी नुसतं घड्याळाकडे पाहिलं.

"तुझ्यासाटनं सांगितलं की," बासिलिया म्हणाली. "उशिरा सांगितलं. मला आता माहेर न्हाई."

सिक्स्तोने छताला लागलेला डोळा तिच्याकडे वळवला. चांगला डोळा. मग किती तरी वेळ तो आईबद्दल, पाण्याबद्दल, कानातला भाता बंद झाला आहे याबद्दल तुटक तुटक बोलत होता. तो भाता बंद झाल्याचं नेलिदाने सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान डोलावली.

"तीस," नेलिदा म्हणाली.

"आता शेवटचं. हात. आवळायला सांगा."

"आवळ," बासिलिया म्हणाली.

त्याची मूठ मिटली.

"छान. सोडायला सांगा."

"सोड."

मूठ सुटली नाही.

डॉक्टरांनी झटकन वर पाहिलं. "सोडत नाहीये? कळलं नाही का त्याला? परत सांगा."

"सोड, सिक्स्तो."

तो तिच्याकडे बघत होता. दंडाची शीर तट्ट फुगली होती. बटाटे उकरून, तुडवून, दगड उचलून घट्ट झालेला हात तो. तिच्या बोटांची हाडं एकमेकांवर चढली, नखं पांढरी पडली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो अजून आवळतच होता.

"कळलंय त्याला," बासिलिया म्हणाली.

"लागतंय का?" नेलिदाने विचारलं.

"लागतंय. लई लागतंय." तिने हात ओढून घेतला नाही. "सांग त्यास्नी. म्हनावं, शीर बंद करा."